परीटघडी: वरून ऑफिस, खालून घर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना गाडी जिथं जिथं भरकटली, तिथं इथंही भरकटू दिलीय.

आजचा विषय आहे इस्त्री. हसू नका. राजे, लढाया, तह यांचा इतिहास आपण खूप ऐकला. पण आपल्या अंगावरच्या शर्टाची घडी कुठून आली, ती कुणी घातली, आणि ती मोडायची मुभा कुणाला होती, हाही इतिहासच आहे. आणि तो आपल्या जास्त जवळचा आहे.

२४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पुण्याहून, मुंबईहून, हैदराबादहून पोरंपोरी लॅपटॉपच्या बॅगा घेऊन गावाकडं परतली. आमच्या केदारखेड्याच्या पट्ट्यातही परतली. केदारखेडा म्हणजे जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव. कापूस, मका, सोयाबीनचा मुलूख. ज्या घरात ‘ऑफिस’ म्हणजे तहसील नाहीतर बँक एवढंच माहीत होतं, त्या घरात मधल्या खोलीत ऑफिस भरायला लागलं. रेंज गच्चीवर, चार्जर खाली, आणि मागं कुठंतरी कुकरची शिट्टी.

आणि मग तो वेश! वर आकाशी रंगाचा कडक इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. मुलींचं थोडं वेगळं, गाऊनवर कुर्ता किंवा निदान ओढणी. मीटिंग संपली की शर्ट परत हँगरला, कारण तोच उद्याही चालवायचा. आई विचारायची, “अरे, घरातच बसायचं तर इस्त्री कशाला?” सगळ्या जगाचं तेच चाललं होतं. अमेरिकेतल्या वॉलमार्ट या दुकानसाखळीच्या अधिकाऱ्यानं मार्च २०२०च्या शेवटीच सांगून टाकलं की वरचे कपडे खपतायत, खालचे नाही.

सगळ्यांना वाटलं, हे काहीतरी नवीनच. मला नाही वाटत. अर्धं ऑफिस, अर्धं घर असा वेश महाराष्ट्रानं शंभर वर्षांहून जास्त काळ घातलाय, तोही उभ्यानं, भर रस्त्यात.

वर कोट, खाली धोतर

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याची पहिली चाळीसेक वर्षं, या काळातले मराठी माणसांचे फोटो काढून बघा. मास्तर, कारकून, वकील, संपादक. डोक्याला पगडी किंवा काळी टोपी. अंगात बंद गळ्याचा कोट, वर गुंड्या. आणि कमरेखाली? धोतर. महर्षी कर्व्यांचा फोटो आठवा. वरचा भाग कचेरीचा, खालचा भाग घरचा. साहेबाच्या टेबलासमोर उभं राहिलं की साहेबाला दिसायचा तो कोट. टेबलाखाली आपलंच राज्य. झूम कॉलची चौकट म्हणजे दुसरं काय!

अर्थात यात एक फरक आहे आणि तो लपवायचं कारण नाही. धोतर म्हणजे काही बर्म्युडा नव्हे. धोतर नेसणं ही प्रतिष्ठेचीच गोष्ट होती, नीट चुण्या पाडून, काठ दिसेल असं. तो माणूस काही लपवत नव्हता. पण ‘कामाचा वेश कुठं सुरू होतो आणि घरचा कुठं संपतो’ हा प्रश्न त्याच्याही कमरेपाशीच सुटत होता, हे गमतीचं आहे.

आणि घरून काम? तेही जुनंच. गावचा कुलकर्णी काय करायचा? त्याचं दप्तर त्याच्या घरी. जमाखर्च, शेतसारा, वहिवाटीची नोंद, सगळं ओसरीवर बसून. लोक तिथंच यायचे. घरात पंचा नाहीतर साधं धोतर, पण कुणी अंमलदार येणार म्हटलं की खुंटीवरचा अंगरखा अंगात आणि पागोटं डोक्यावर. कॅमेरा ऑन, कॅमेरा ऑफ.

आपला जालना तर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत. हैदराबादच्या दरबारात जायचं तर शेरवानी, डोक्याला दस्तार आणि कमरेला ‘बुगलूस’ नावाचा बक्कलवाला पट्टा लागायचा. त्याशिवाय दरबारात उभं राहायचं नाही. आज कंपन्यांच्या ईमेलमध्ये ‘बिझनेस कॅज्युअल’ असं लिहून येतं, तो त्या बुगलुसाचाच चुलतभाऊ.

‘इस्त्री’ हा शब्द मराठी नाही

म्हणजे आता मराठीच आहे, पण आलाय समुद्रावरून. पोर्तुगीज भाषेत ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणं, ताणून सपाट करणं. त्यावरून इस्तरी, इस्त्री असा शब्द आपल्याकडं रुळला असं भाषेचे अभ्यासक मानतात. चावी, बादली, घमेलं, बटाटा, पाव, पगार हीसुद्धा त्याच जहाजातली मंडळी. पगार आणि इस्त्री एकाच जहाजातून यावेत हे मला फार बरोबर वाटतं.

मग त्याआधी कपडे चुरगळलेलेच घालायचे का? तसं नाही. कापड सपाट करायला उष्णताच लागते असं नाही, वजनही चालतं. कापडाला खळ लावायची, म्हणजे भाताची पेज किंवा पिठाची लापशी. अर्धवट ओलं असताना घडी घालायची आणि लाकडी मोगरीनं ठोकून ठोकून चकाकी आणायची. याला कुंदी म्हणायचे. ‘कुंदी करणे’ म्हणजे एखाद्याला बडवणं, हा वाक्प्रचार तिथून आला.

घरगुती उपाय तर तुमच्या आजीला विचारा. शर्ट-पायजमा घडी घालून रात्री गादीखाली ठेवायचा. किंवा तांब्यात निखारे घालायचे, फडक्यानं तांब्या धरायचा आणि त्याचं बूड कापडावर फिरवायचं. शाळेचा पंधरा ऑगस्टचा पांढरा शर्ट कितीतरी घरांत याच पद्धतीनं कडक झालाय. ही कल्पना फक्त आपली नाही. चीनमध्ये बाराव्या शतकातलं एक प्रसिद्ध रेशमी चित्र आहे, त्यात राजवाड्यातल्या बायका ताणलेल्या कापडावर निखाऱ्यांचं लांब दांड्याचं भांडं फिरवताना दिसतात. तांब्याचाच प्रकार, फक्त मूठ चांगली.

आणि कापूस चुरगळतो तरी का? शेतकऱ्याच्या पोरांना हे माहीत असायला पाहिजे. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींना हलक्या बंधांनी धरून असतात. पाणी किंवा घाम लागला की हे बंध सुटतात, आणि कापड ज्या अवस्थेत सुकतं त्या अवस्थेत परत जुळतात. दुमडलेलं सुकलं तर दुमडलेलं. इस्त्री हेच मुद्दाम करते: पाणी शिंपडून बंध सोडायचे, वजनानं सपाट करायचं, उष्णतेनं तिथंच सुकवायचं. म्हणून तर इस्त्रीवाले मामा कपडा आधी ओलावून गुंडाळून ठेवतात. ते काही उगाच नाही. १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाणं कंपनी काढली, आणि २००२ला देशात बीटी कापूस आला तो याच कंपनीच्या वाणांतून. तेव्हा तुमच्या त्या आकाशी शर्टातल्या सुरकुत्या थोड्या जालन्याच्याही आहेत म्हणा ना.

आता परीट. ‘परीटघडीचे कपडे’ असं आपण सहज म्हणतो, पण त्या शब्दात एक अख्खा माणूस आहे. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाचे कपडे धुवायचे, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचं बलुतं घ्यायचं. रोख पैसे नाहीत, कपड्यामागं दर नाही. लग्नात पायघड्या अंथरायचा मानही त्याचाच. मान मोठा, पण माप खळ्यावर ठरायचं आणि ते दुसऱ्याच्या हातात. संत गाडगेबाबा, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, हे याच परीट समाजातले. साऱ्या महाराष्ट्राला स्वच्छता शिकवणाऱ्या या माणसानं स्वतः मात्र जन्मभर चिंध्यांचा अंगरखा घातला. कापड स्वच्छ असणं आणि कापड कडक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अंगरख्याइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कशानं कळलं नाही.

एक आडवळण, भोकरदनहून पॉम्पेईला

केदारखेड्याहून भोकरदन जवळच. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख सापडतो, इतकं जुनं हे व्यापारी गाव. १९७०च्या दशकात इथं उत्खनन झालं आणि हस्तिदंताच्या कोरीव वस्तू निघाल्या. त्यातली एक स्त्रीप्रतिमा बघून अभ्यासक चमकले. कारण तशाच घडणीची एक हस्तिदंती बाई १९३८ साली थेट इटलीत, पॉम्पेई शहराच्या राखेखाली सापडली होती. तेरलाही तशीच एक मिळालीय. पॉम्पेईची बाई मराठवाड्यातूनच गेली असावी असं म्हणणारे अभ्यासक आहेत. वीतभर उंचीची, अंगावर दागिनेच दागिने, कपडा नावाला. इस्त्रीची तिला गरज नव्हती.

पण पॉम्पेईला होती! इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीनं ते शहर गाडलं गेलं. तिथल्या एका धोबीखान्याच्या खांबावर चित्रं सापडली. कामगार टबात उभे राहून पायांनी कपडे तुडवतायत, आणि एका चित्रात कपडे दाबायचा लाकडी दाब आहे, वरून मळसूत्रानं आवळायचा. म्हणजे रोमन माणसाची परीटघडी. ती चित्रं आणि आपली ती हस्तिदंती बाई, दोन्ही आज नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. झालं आडवळण. परत येऊ.

न्यायमूर्तींचं उपरणं

मराठी इतिहासातली इस्त्रीची सगळ्यात सुंदर गोष्ट घडली दक्षिण आफ्रिकेत. गांधींनी ती आत्मकथेत सांगितलीय.

गांधी तिथं वकिली करत होते तेव्हाची गोष्ट. धोब्याचं बिल फार यायचं, आणि धोबी कपडे वेळेवर द्यायचा नाही, त्यामुळे डझनांनी शर्ट आणि कॉलर बाळगाव्या लागायच्या. शेवटी त्यांनी धुलाईचं सामान आणलं, धुलाईवरचं पुस्तक आणलं, वाचलं आणि सुरू केलं. पहिली कॉलर त्यांनी स्वतः खळ लावून इस्त्री केली. कापड जळेल या भीतीनं इस्त्री पुरेशी गरम केलीच नाही, दाबलीही नाही. कॉलर कडक दिसली, पण कोर्टात उभे राहिले तर खळ गळायला लागली! सोबतचे बॅरिस्टर हसले. गांधींना त्याची लाज वाटली नाही. लोकांना फुकट करमणूक मिळाली, असं त्यांचं म्हणणं.

हळूहळू हात बसला. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. गोखले म्हणजे रत्नागिरीकडच्या गरीब घरातला मुलगा, फर्ग्युसनचा प्राध्यापक, पुढं देशाचा नेता. त्यांच्याजवळ एक उपरणं होतं, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी भेट दिलेलं. रानडे १९०१ मध्ये गेले होते. गोखले त्यांना गुरू मानत, आणि ते उपरणं खास प्रसंगीच काढत. जोहान्सबर्गच्या भारतीयांनी त्यांच्यासाठी मेजवानी ठेवली. उपरणं चुरगळलेलं, धोब्याकडून करून आणायला वेळ नाही. गांधी म्हणाले, मी करतो. गोखल्यांचं उत्तर असं की, वकील म्हणून तुमच्यावर माझा विश्वास आहे, धोबी म्हणून नाही. खराब केलंत तर? आणि मग त्यांनी त्या उपरण्याची कहाणी सांगितली.

गांधींनी हट्ट धरला, इस्त्री केली, आणि गोखल्यांकडून शाबासकी मिळवली.

मला यातली भीती खरी वाटते. गोखल्यांसमोर बसायला आलेला माणूस पुढं कोण होणार आहे ते आपल्याला माहीत आहे, पण त्या क्षणी त्यांना दिसत होतं ते फक्त गरम लोखंड आणि गुरूचं कापड. ज्याच्या घरी आजीची नऊवारी किंवा आजोबांचा फेटा ठेवणीत आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

मसूरचं स्टेशन

आता जरा जड गोष्ट. पण इस्त्रीचा इतिहास सांगायचा आणि ही वगळायची, हे मला जमणार नाही.

१९०१चा उन्हाळा. साताऱ्याहून चार मुलं आगगाडीत बसतात. त्यांच्यातल्या एका मुलाचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते, त्यांना भेटायला मुलं निघालेली. आयुष्यातला पहिला रेल्वे प्रवास. त्यासाठी नवे कपडे शिवलेले: इंग्रजी पद्धतीचे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे. मुलं मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर जवळ आला, चौकशी केली. कपडे बघून त्याला वाटलं ही ब्राह्मणांचीच मुलं. मग त्यानं जात विचारली, आणि मुलानं खरं ते सांगून टाकलं. महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो मागं फिरला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार.

तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. वय नऊ-दहा. पुढं त्यांनीच ही हकीकत लिहून ठेवली.

आता कपड्यांकडं बघा. त्या कोऱ्या, नीटनेटक्या कपड्यांनी एक गोष्ट केली: दोन मिनिटं त्या मुलांशी माणसासारखं बोलणं मिळवून दिलं. आणि त्यांची ताकद तिथंच संपली. हे दोन्ही एकदम खरं आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर बाबासाहेब बायकांशी बोलले, तेव्हा त्यांनी मुद्दाम कपड्यांचा विषय काढला. स्वच्छ राहा, लुगडं पायघोळ नेसा, कथलाचे ते ढीगभर दागिने टाका. कारण कोण काय नेसतं यावरून कोण कुठला हे लांबून ओळखता येत होतं, आणि ती ओळख पुसायची होती. गावगाड्यात परीट यांचे कपडे धूतही नसे. म्हणजे ‘परीटघडी’ हा शब्द ज्यांच्या वाट्यालाच नव्हता, त्यांनी ती स्वतःच्या हातानं घातली. स्वतः बाबासाहेब कायम सुटाबुटात का, याचं उत्तर आवडनिवड एवढंच देऊन भागत नाही.

म्हणून कुणी कडक इस्त्रीला ‘दिखाऊपणा’ म्हणून उडवून लावलं की मी थोडा थांबतो. दिखावा कुणासाठी? ज्याला न बघताच लोक खुर्ची देतात त्याच्यासाठी तो दिखावा असेल.

मंगळवारची वीज

विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी ६ जून १८८२ला घेतलं. पण घरात वीजच नव्हती. होती तिथंही फक्त रात्रीची, दिव्यांपुरती. साधारण वीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओ गावच्या वीज कंपनीत अर्ल रिचर्डसन नावाचा माणूस कामाला होता. त्यानं हलकी इस्त्री बनवली आणि गिऱ्हाइकांना वापरायला दिली. वापरणार कधी? दिवसा वीज नाही. मग त्यानं कंपनीला गळ घातली की मंगळवारी दिवसभर वीज सोडा. मंगळवारच का? तिकडं सोमवार धुण्याचा आणि मंगळवार इस्त्रीचा. कंपनीनं सोडली. बायकांनी मग सांगितलं की इस्त्री मधोमध फार तापते, टोकाला तापत नाही, आणि बटणांच्या फटीत, चुण्यांत टोकच लागतं. त्यानं टोक तापवणारी इस्त्री केली. तिचं नाव पडलं हॉटपॉइंट.

मराठवाड्यातल्या कुणाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. लोडशेडिंगची ती वर्षं आठवा. लाइट आली की आधी मोटार, मग पिठाची गिरणी, मग मोबाइल, आणि या सगळ्यांतून उरलं तर इस्त्री. उद्या मुलाखत असली की रात्री अलार्म लावून उठायचं. आमचं वेळापत्रक आठवड्याच्या वारावर नव्हतं, फीडरवर होतं. म्हणूनच गावात कोळशाची इस्त्री टिकली. पाच-सहा किलोचं धूड, झाकण उघडून निखारे भरायचे, ओल्या बोटानं ‘चुर्र’ करून बघायचं. ठिणगी उडाली की टेरिकॉटला भोक.

टेरिकॉटचंही बघा. टेरिलीन आणि टेरिकॉट आपल्याकडं आलं तेव्हा लोक खुळे झाले, कारण धुवायचं, झटकायचं, घालायचं. उन्हाळ्यात त्यात माणूस उकडून निघायचा, पण क्रीज मोडायची नाही. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी यांचा तो काळ. उष्णतेपेक्षा घडी महत्त्वाची, असा निर्णय अख्ख्या पिढीनं चाळीस अंशांच्या जालन्यात घेतला होता.

मग घरी इस्त्री करायची की नाही?

याला शास्त्र काय म्हणतं, असं तुमच्यातले बरेच जण विचारतात. २०१२ मध्ये अमेरिकेत अॅडम आणि गॅलिन्स्की या दोन संशोधकांचा अभ्यास गाजला होता. डॉक्टरचा म्हणून सांगितलेला पांढरा कोट अंगात घातला की लोकांचं लक्ष जास्त नीट लागतं, असा तो निष्कर्ष. टाळेबंदीत हा अभ्यास व्हॉट्सअॅपवर खूप फिरला, ‘घरी पण फॉर्मल घाला’ म्हणून. पण २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्यातला एक प्रयोग जसाच्या तसा करून बघितला, तेव्हा तो परिणाम दिसला नव्हता. ही दुसरी गोष्ट कुणी फॉरवर्ड केली नाही.

मला वाटतं शर्ट डोक्यासाठी नसतोच, तो वेळेसाठी असतो. शहरात ऑफिसला जायला बस लागते, तास लागतो, त्या तासात माणूस घरचा ऑफिसचा होतो. मधल्या खोलीत तो तास नाही. मग सकाळी शर्ट अंगात घालणं म्हणजे कामाला गेलो, आणि हँगरला लावणं म्हणजे घरी आलो. घरच्यांनाही तेच कळतं. शर्ट अंगात असला तर कुणी ‘जरा दळण घेऊन ये’ म्हणत नाही. पोरींच्या बाबतीत मात्र कुर्ता अंगात असला तरी म्हणतात, हेही खरंय. आणि तो शर्ट इस्त्री कोण करत होतं, हे ज्याचं त्यानं आठवून बघावं. बहुतेक घरांत कॅमेऱ्यात न दिसणाराच हात होता.

मे २०२४ मध्ये सीएसआयआर, म्हणजे देशातल्या सरकारी प्रयोगशाळांची परिषद, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हिच्याच अखत्यारीत येते, तिनं एक मोहीम काढली: सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून या. नाव ‘रिंकल्स अच्छे हैं’. आयआयटी मुंबईचे चेतन सिंह सोळंकी यांच्या एनर्जी स्वराज फाउंडेशनबरोबरची ही कल्पना. एका जोडीच्या इस्त्रीमागं २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो, असा त्यांचा हिशेब. मी ताळा करून बघितला. आपल्याकडं एक युनिट विजेमागं साधारण ७०० ग्रॅम धरतात. हजार वॅटची इस्त्री सलग सतरा मिनिटं तापत राहिली तर २०० ग्रॅम होतात. एकेक जोड रोज सकाळी घाईत केली तर आकडा जवळपास जातो. आठवड्याचे कपडे एकदम केले तर बराच कमी येईल, कारण एकदा तापलेली इस्त्री मध्ये मध्ये आपोआप बंद होत असते.

कल्पना चांगली आहे, माझा विरोध नाही. फक्त एवढंच की शास्त्रज्ञानं चुरगळलेला शर्ट घातला तर लोक म्हणतात, बघा किती साधा माणूस. केदारखेड्याचा पोरगा तोच शर्ट घालून पुण्यात मुलाखतीला गेला तर काय म्हणतील? सुरकुतीची मुभा आधी मोठ्या पदाला मिळते. ती सगळ्यांना मिळाली तर मला आवडेल, पण सुरुवात मुलाखत घेणाऱ्यांनी करावी, देणाऱ्यांनी नाही.

आणि इस्त्रीवाले मामा? टाळेबंदीत ऑफिसं बंद, शाळा बंद, लग्नं पन्नास माणसांत. शर्ट निम्म्यावर आले, पँटी तर गायबच. आठवड्याला एक शर्ट, तोही घरच्या इस्त्रीवर. जगानं ‘वरून ऑफिस, खालून घर’ म्हणत विनोद केले, तेव्हा त्यांचा खालचा अर्धा धंदा बुडाला होता. आता कोळशाऐवजी काही जण गॅसवरची इस्त्री वापरतात. तमिळनाडूतल्या तिरुवन्नमलैच्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीनं सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी सुचवली, त्यासाठी तिला २०२०चा मुलांचा आंतरराष्ट्रीय हवामान पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ती बोललीही. ऊन काय, आपल्याकडं भोकरदनच्या स्टँडवरही कमी नाही.

पुढच्या भागात याच कपाटातलं खालचं खण उघडू: आजीची लोखंडी ट्रंक, डांबराच्या गोळ्या आणि ठेवणीतली लुगडी. तोपर्यंत कुणाच्या घरी निखाऱ्यांच्या तांब्यानं इस्त्री केल्याची आठवण असेल, तर घरातल्या थोरल्या माणसाला बोलतं करा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. तांब्या कुठल्या बाजूनं धरायचे आणि निखारे किती भरायचे, तेवढं विचारायला विसरू नका.